लोबानच्या धुरातला टँकर

१

"एकवीस!"

धनराजनं हा आकडा असा पुकारला, की खाली पेठेतल्या शेळ्यांनीही माना वर केल्या असतील. धनराज मंगरूळच्या बसस्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होता. माइक हातातून सुटून चार वर्षं झाली, पण गळ्यातून काही उतरला नव्हता.

"बावीस पाह्यजेत," सैफुद्दीन मास्तर म्हणाले.

"पाह्यजेत बावीस हे मलेही मालूम हाय. हायत एकवीस!"

जुबेदा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. तिच्या बांगड्यांच्या दुकानावरची ही माडी. माडीभर चौदा फुटांचं टेबल, आणि टेबलावर आगगाडी. नवरा, म्हणजे हे सैफुद्दीन मास्तर, रेल्वेत यार्ड मास्तर होता. रिटायर झाल्यावर माणसं हजला जातात, नाहीतर सुनेच्या भाजीला नावं ठेवतात. ह्या माणसानं रूळ मांडले. ज्या गावांनी जन्मात रूळ पाहिले नाहीत, त्यांना स्टेशनं वाटली. इंझोरीला कापसाचं सायडिंग दिलं, धनजला तुरीचं, आणि किन्हीराजाला तर थेट पाच लायनींचं जंक्शन. किन्हीराजाचे दोघं एकदा लग्नाच्या बांगड्या घ्यायला आले, वर आपलं जंक्शन पाहून इतके हरखले की बांगड्या न घेताच गेले. जंक्शनामागे डोंगर होता, जुबेदाच्या जुन्या गोधडीवर प्लास्टर थापून केलेला. त्याच्या बोगद्यात दोन रूळ शिरत आणि एकच बाहेर येई. दुसऱ्याचं काय, असं विचारलं की मास्तर म्हणत, "पुढच्या वाढीसाठी ठेवला."

दर गुरुवारी पेठ बंद, आणि दुपारी अडीचला ह्यांची मालगाडी सुरू. खेळ म्हटलेलं मास्तरांना खपत नसे, ड्यूटी म्हणायचं. मास्तर यार्डात बसून कोणती वॅगन कुठं जाणार ते ठरवायचे, धनराज वेळापत्रक सांभाळायचा, पुतण्या मुबश्शिर तारा बघायचा, आणि इंजिन चालवायचा रूपला. रूपला तांड्यावरचा. मास्तरांच्या मालधक्क्यावर तो हमाल होता, तेव्हापासूनची तीस वर्षांची दोस्ती. मोठ्या इंजिनाला त्यानंच 'भुरी' नाव ठेवलं होतं, बायकोचं. ओढते पण खूप आणि बोलते पण खूप, असं त्याचं म्हणणं.

नियम कडक. वॅगनला हात लावायचा नाही, इंजिनानंच हलवायची. प्रत्येक वॅगनची एक चिठ्ठी, वॅगन जिथं तिथं चिठ्ठी. आणि शेवटी मोजणी जुळल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

आज मोजणी जुळत नव्हती. गेला होता तोही साधासुधा डबा नव्हे, पितळी टँकर. पोरगा इमादनं मस्कतहून पाठवलेला, मधल्या बोटाएवढा, सोन्यासारखा चकाकणारा.

"वैनीनं लोबानचा धूर केला त्याच्या आधी होता," धनराज म्हणाला. "धूर गेला अन् टँकर गेला. आता पाहा, आपन सारे इथलेच. आज गाव सोडून जानारा मानूस एकच हाय."

असं म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या बोचक्याकडे पाहिलं. बोचकं रूपलाचं होतं. आज पाचच्या ट्रकनं तो आणि भुरीबाई ऊसतोडीला चालले होते, सहा महिन्यांसाठी.

रूपला उठला. त्यानं स्वतःच बोचकं सोडलं. दोन धोतरं, एक चादर, भाकरीचं फडकं, कोयता. टँकर नाही.

"खिडकीतून खाली देला असन," धनराज पुटपुटला. त्याचं पुटपुटणं म्हणजे बाकीच्यांचं ओरडणं. खाली ट्रक लागला होता, तांड्याचे वीस-पंचवीस जण सामान चढवत होते. त्यांचा गलका एकदम थांबला.

रूपलाचा चेहरा उतरला. "आयकलं त्याईनं," तो म्हणाला. "सहा महिने मले ह्याच लोकाईत राहायचं हाय, एका चुलीपाशी. आता ट्रकात बसलो तं म्हनतीन, चोर पयाला. इथं थांबलो तं म्हनतीन, चोर लपला. भाभी, सांगा, मी करू काय?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते.

२

जुबेदानं ट्रे खाली ठेवला आणि कडी लावली.

"कोनी हालू नका. मी पाह्यते."

"जुबेदा, तू यार्डातलं काय समजते?" मास्तर म्हणाले.

"यार्डातलं नाही समजत. हातातलं समजते."

ते खरं होतं. चाळीस वर्षं तिनं बांगड्या भरल्या. बाईचा हात हातात घेतला, की न विचारता तिला कळायचं, घरात किती माणसांच्या भाकरी आहेत आणि काल रडणं झालं की नाही. टँकर काही पंख लावून उडाला नव्हता. ह्या चौघांपैकी कोणाच्या तरी हाताचं ते काम होतं.

आधी ती टेबलापाशी गेली. पोरांचा ताप बघावा तसा उलटा हात तिनं इंजिनांना लावला. भुरी धनजच्या स्टेशनात उभी होती, चांगली तापलेली. काळी नावाचं छोटं इंजिन यार्डाच्या टोकाला उभं होतं. आज काळीला सुट्टी होती, असं मुबश्शिरनंच सकाळी सांगितलं होतं. काळी कोमट लागली.

जुबेदाला स्वतःचाच राग आला. कारण धूर तिनं केला होता. जुमेरातीचा, म्हणजे गुरुवारचा, लोबान ती मगरिबला, दिवेलागणीच्या नमाजाच्या वेळी फिरवायची, पण आज रूपला पाचलाच जाणार. त्याच्यावरून धूर फिरवल्याशिवाय त्याला कसं धाडायचं? गेल्या साली तो ऊस भरता भरता गाडीवरून पडला आणि तीन महिने खाटेवर होता. म्हणून सव्वातीनलाच निखारे पेटवले. उत्साहाच्या भरात लोबान जरा जास्तच पडला. माडीत असा धूर कोंडला, की समोरचा माणूस दिसेना.

"मुबश्शिर, इकडं ये. हात."

मुबश्शिरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि चिठ्ठ्यांवर त्याचा भारी राग. सगळं मोबाइलवर घेऊ म्हणून मास्तरांच्या मागं लागायचा. त्याच्या हातातल्या चिठ्ठ्या नेहमी टेबलाखाली सापडायच्या.

त्यानं हात मागं नेला. जुबेदानं ओढून पुढं घेतला.

"धूर झाला तवा तू कुठं होता?"

"खिडकीत, चाची. जीव गुदमरला माहा. बाहीर डोकं काढून उभा होतो."

"खोकलत होता, ते आयकलं मी. काय करत होता?"

"हवा खाऊन राह्यलो होतो ना!"

जुबेदानं त्याची दोन बोटं नाकापाशी नेली. लोबानचा वास तिला ओळखता येत होता. हा लोबान नव्हता.

"बेटा, खोलीभर धूर असून तुले कमी पडला काय? वरून शिगरेट?"

मुबश्शिरनं चाचाकडे बघितलं, मग छताकडे, मग तिच्या पायाकडे. "चाची, अम्मीले नका सांगू. लोबानात वास लपते म्हनून... एकच होती."

"अम्मीचं मंग पाहू. तू फोटो काढत असतो ना? आजचे दाखव."

त्यानं फोन पुढं केला. तीन वाजून दहा मिनिटांचा फोटो होता, धुराच्या पाच मिनिटं आधीचा. यार्ड स्वच्छ दिसत होतं. टँकर दोन नंबरच्या लायनीत एकटा उभा, गव्हाची तपकिरी वॅगन तीन नंबरात. जुबेदानं फोटो बघितला, मग टेबल बघितलं, मग परत फोटो.

गव्हाची वॅगन आता चार नंबरात उभी होती.

३

"आता तुमी, धनराजभाऊ."

"मी?" धनराज ताठ झाला. "मी तं जिन्यात होतो! मले दम्याचा तरास. सव्वातीन ते तीन पस्तीस, जिना क्रमांक एक!"

"आयकलं ते बी. तिथूनच खोकला येत होता. पन मधी पाच मिनिटं खोकला बंद झाला. काहून?"

"दमा बसला."

"अन् मंग परत उठला?"

धनराजनं दोन्ही हात शर्टाला पुसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जुबेदानं त्याचा उजवा हात घेतला, आणि तो तिच्या हाताला चिकटला. नुसता लागला नाही, चिकटलाच. सोडवताना चुटकन आवाज आला.

जिन्याच्या वळणावर मोरी, मोरीशेजारी फळी, आणि फळीवर पातेलं. रूपलाच्या वाटखर्चीला तिनं सकाळीच गुलाबजाम केले होते.

"किती?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"धनराजभाऊ, मी पातेलं मोजून ठेवलं हाय." मोजलं बिजलं काही नव्हतं, पण खाई त्याला खवखवे.

"चार," धनराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचला नाही. "लहान होते, वैनी."

"साखर किती निंघाली मागच्या टायमाले?"

"दोनशे ऐंशी. तुमच्या पाया पडतो, घरी संगीताले सांगू नका. ते मले घराबाहीर काढन."

"रूपलाभाऊले तुमी चोर म्हनलं, तवा नाही सुचलं हे?"

मुबश्शिर खो खो हसला. जुबेदानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर त्याला सिगरेट आठवली आणि तो गप्प झाला. तरी तिचा हिशेब सरळ होता. पाकानं भरलेल्या बोटांनी धनराज इंजिन चालवायच्या नॉबला शिवला असता, तर नॉब आत्ताही चिकट असता. तिनं दोन्ही नॉब चाचपून पाहिले. कोरडे ठणठणीत.

धनराज गेला, मुबश्शिर गेला. म्हणजे यादीतून गेले, नाहीतर दोघं तिथंच मान खाली घालून उभे होते.

खाली ट्रकवाल्यानं पहिला भोंगा दिला. सव्वाचार झाले होते. आता माडीत दोनच माणसं उरली होती. एक तिचा नवरा आणि एक त्याचा जिवाभावाचा दोस्त.

४

जुबेदा स्टुलावर बसली आणि गार झालेला चहा तिनं स्वतःच प्यायला घेतला.

एक गोष्ट मघापासून तिला टोचत होती. टँकरबरोबर त्याची चिठ्ठीही गेली होती. यार्डाच्या फळीवर बावीस खाचा, एकवीस चिठ्ठ्या. आता सांगा, चोराला चिठ्ठी कशाला? पितळ चकाकतं म्हणून कोणी टँकर उचलला असता, तर तो कागदाचा चिठोरा तिथंच राहिला असता. मुबश्शिरला चिठ्ठीची आठवणही झाली नसती. धनराजला तर कोणत्या वॅगनची कोणती चिठ्ठी हेच कधी उमगलं नव्हतं. टँकर नेतानाही 'वॅगन जिथं तिथं चिठ्ठी' पाळणारा माणूस म्हणजे ह्या यार्डात मुरलेला माणूस.

आणि ती गव्हाची वॅगन. मास्तरांचं एक खूळ होतं. तेलाचा टँकर इंजिनाला चिकटवून न्यायचा नाही, मध्ये एक साधी वॅगन घालायची. इंजिनाची ठिणगी उडाली तर? इथं ना तेल, ना ठिणगी, टँकर आतून रिकामा, पण नियम म्हणजे नियम. कोणीतरी धुरात, पंधरा-वीस मिनिटांच्या घाईत, आधी तीन नंबरातून गव्हाची वॅगन आणली, मग ती मध्ये घालून टँकर नेला. चोरी करायची, पण सुरक्षेचे नियम पाळून करायची!

असं करणारी माणसं जगात दोन. मास्तर, आणि मास्तरांनी घडवलेला रूपला.

आपणच शोधायला निघालो आणि शोधता शोधता बिचाऱ्याच्या गळ्याशी दोर नेला, असं तिला झालं.

"रूपलाभाऊ," ती हळूच म्हणाली, "जरा हात द्या."

रूपलानं दोन्ही हात पुढं केले. उसाच्या पात्यांनी चिरलेले, हमालीनं घट्टे पडलेले. ह्या हातांनी नॉब असा फिरायचा, की मालगाडी थांबताना वॅगनला वॅगन लागल्याचा आवाजही येत नसे.

"भाभी, तुमाले बी वाटते काय?"

"मले काही वाटत नाही. मी इचारून राह्यली. धूर झाला तवा तुमी काय करत होते?"

"काय करीन? तुमी म्हनलं, डोये मिटून बसा. बसलो. गानं म्हनत होतो."

जुबेदानं कप खाली ठेवला.

गाणं! हो की. तांड्यावरचं ते लांबलचक गाणं, ज्याला सुरुवात आहे पण शेवट नाही. ती लोबानदानी घेऊन खोलीभर फिरत होती. दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. खिडकीत मुबश्शिरचा खोकला, जिन्यात धनराजचा, आणि टेबलाच्या ह्या टोकाला, धनजपाशी, रूपलाचं गाणं. गाणं एकदाही थांबलं नाही, एक पाऊल इकडचं तिकडं झालं नाही. शेवटी ती त्याच्यापाशी पोहोचली आणि त्याच्या डोक्यावरून धूर फिरवला, तरी तो गातच होता. काळीचा नॉब मात्र चौदा फूट लांब, यार्डाच्या टोकाला.

मग चौथा आवाज कुठं होता?

हा माणूस झोपेतही यार्ड चालवतो. 'दोन नंबर मोकळी करा', 'ब्रेक तपासा', 'अरे, हळू!' लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्या माणसाचं तोंड दहा मिनिटं बंद राहिलेलं तिला आठवत नव्हतं. आणि आज त्या धुरात तो एक शब्द बोलला नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जुबेदानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. चष्मा मघाच स्वच्छ झाला होता.

५

"इमादचे अब्बा, हात दाखवा."

"माहा?" मास्तर हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "मी यार्ड मास्तर हाव."

"म्हनूनच."

त्यांचा हात थंडगार होता. तिनं तो सोडला नाही. तसाच धरून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली.

"धनराजभाऊ, तुमी रूपलाभाऊची झडती घेतली. ह्यांची काहून नाही घेतली?"

"मास्तरची?" धनराज चपापला. "त्याईचाच तं टँकर!"

"म्हनूनच कोनाले सुचलं नाही. टँकर चोरीले गेलाच नाही. टँकर ह्याच टेबलावर हाय, काळीनं नेला. काळीले आज सुट्टी, तरी ते कोमट होती. गव्हाची वॅगन मधी घालून नेला, म्हनून ते चुकीच्या लायनीत उभी हाय. बोगद्यात दोन रूळ जातात, एक बाहीर येते. दुसरा माह्या गोधडीखाली संपते. अन् चिठ्ठी..."

तिनं दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या कुडत्याचा खिसा उलटा केला. चिठ्ठी पडली. त्यावर मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'पितळी टँकर. १५.२०. खोलीत निखारे असल्याने सुरक्षित अंतरावर हलविला.' खाली सही.

मुबश्शिरनं ती उचलून दोनदा वाचली. "चाचा, तुमी चोरी केली अन् त्याच्यावर सही केली?"

"बिगर नोंदीची वॅगन हालवता येत नाही," मास्तर म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते हे.

एरवी जुबेदा हसून हसून लोळली असती. आज ती हसली नाही.

"पन काहून केलं?" रूपलानं विचारलं.

उत्तर जुबेदानंच दिलं. "मोजनी जुळल्याशिवाय तुमी उठत नाही, रूपलाभाऊ. ट्रक पाचले जाते. टँकर भेटला असता सहाले."

मग मास्तर बोलले, आणि ड्यूटीवरचा आवाज त्यात अजिबात नव्हता.

"गेल्या साली तू पडला. फोन आला तवा मी ह्याच खुर्चीत बसलो होतो. तीन महिने मी एक वॅगन हालवली नाही. आता कंबर तुही अशी, अन् तू परत चालला. सांगतलं असतं तं तू आयकलं असतं काय? म्या म्हनलं, एक ट्रक चुकवू. मुकादम दुसरी जोडी घेईन."

"मले इचारलं असतं," रूपला म्हणाला. "आयकलं नसतं, पन इचाराले पाह्यजे होतं." तो थांबला. तीस वर्षांत त्यानं मास्तरांना एकेरी हाक मारली नव्हती. आता मारली. "सैफू, टँकर लपवला त्याचं मले काही नाही. पन हा मले चोर म्हनला, मले माहं बोचकं खोलून दाखवा लागलं, अन् तू चष्मा पुसत बसला. ते लई लागलं."

"चोर शब्द निंघाला अन् माही जीभच उचलेना," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ह्या वेळी चष्मा खरोखर पुसावा लागला. "मी भेकड निंघालो."

खाली दुसरा भोंगा झाला. पावणेपाच.

"आधी मोजनी," रूपला म्हणाला आणि काळीच्या नॉबपाशी जाऊन बसला.

"अरे, हातानं काढ ना, ट्रक जाईन!" धनराज ओरडला.

"हात लावायचा नाही."

काळी गव्हाच्या वॅगनसह बोगद्यात शिरली. आतून बारीकसा खट् असा आवाज आला. मग ती मागं मागं येऊ लागली, आणि तिच्यामागं वॅगन, वॅगनीमागं टँकर, गोगलगाईच्या चालीनं. सगळे टेबलावर वाकले होते. टँकर दोन नंबरात जाऊन उभा राहिला, तेव्हा घड्याळात पाचला सात कमी होते.

"बावीस," धनराज म्हणाला, अगदी हळू.

६

आता तुम्ही म्हणाल, संपलं. जुबेदाला तसं वाटलं नाही. माडीवर चौघांना खरं कळलं, पण ट्रकात पंचवीस जण होते आणि त्यांनी फक्त धनराजचा पुकारा ऐकला होता.

"धनराजभाऊ," ती म्हणाली, "जसं सांगतलं होतं तसंच खिडकीतून सांगा, रूपला चोर नाही म्हनून."

धनराज लगेच खिडकीकडे वळला. मास्तरांनी त्याला थांबवलं.

"हे धनराजनं सांगून होनार नाही," ते म्हणाले. त्यांनी रूपलाचं बोचकं उचलून खांद्यावर घेतलं आणि जिना उतरू लागले. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत स्वतःची पेटीही हमालाशिवाय उचलली नव्हती, तो हमालाचं ओझं घेऊन भर पेठेत निघाला. पातेलं घेऊन जुबेदा मागून गेली.

ट्रकात पोरं, बकरी, पत्रे, गोणपाटं, आणि सगळ्यांच्या वर भुरीबाई बसली होती. ती रूपलाकडे बघत नव्हती. बाकीचे मात्र टक लावून बघत होते.

मास्तर ट्रकापुढं उभे राहिले. घसा खाकरला.

"आयका," ते म्हणाले. "वर चोरीचा गलका झाला, तो तुमी आयकला. टँकर म्याच लपवला होता. ह्याले जाऊ द्यायचं नव्हतं म्हनून. ह्याचा काही कसूर नाही. चोर मी हाव. सैफुद्दीन, यार्ड मास्तर."

मास्तरांचे कान लाल झाले. जुबेदाला वाटलं, आता पुढं होऊन त्यांचा हात धरावा, पण तिनं स्वतःला आवरलं. हे त्यांचं त्यांनीच निभवायचं होतं.

मग वरून भुरीबाई म्हणाली, "चोर तुमी हा काय? तं मंग चढा ट्रकात. चोराले कोयता देऊ, सहा महिन्यांत सुधरते."

ट्रक हसला. पोरं हसली, ड्रायव्हर हसला, मुकादमानंही तंबाखू थुंकून हसून घेतलं. भुरीबाईनं हात खाली करून रूपलाला वर ओढलं आणि आपल्याशेजारी जागा दिली. जुबेदानं पातेलं वर दिलं. "चार कमी हायत," ती म्हणाली. "कोनं खाल्ले ते इचारू नका."

धनराज खांबामागं सरकला.

"कंबर सांभाळजो," मास्तर रूपलाला म्हणाले. "मोळी उचलाले पोराईले सांगजो. अन् फोन..."

"करीन. पन राग गेला नाही माहा," रूपला म्हणाला.

"नसन गेला. सहा महिने ठेव तो."

इंजिन सुरू झालं. ट्रक मात्र हलला नाही, कारण रूपलानं ड्रायव्हरच्या टपावर दोन थापा मारून त्याला थांबवलं होतं. सगळी पेठ बघत होती. रूपलानं फाळक्यावर हात टेकले आणि मोठ्यानं हाक मारली:

"यार्ड मास्तर! लाइन क्लिअर द्या!"

आयुष्यात मास्तरांनी हजारो गाड्यांना निघायची लाइन क्लिअर दिली असेल. ही एक देववत नव्हती. ट्रक थरथरत उभा होता आणि रूपला वाट बघत होता.

"द्या ना," जुबेदा हळूच म्हणाली.

मास्तरांनी उजवा हात वर केला, सरळ, खांद्यापासून. ट्रक निघाला. तो पेठेच्या टोकाला वळून दिसेनासा झाला, तरी हात वरच होता. शेवटी जुबेदानंच तो धरून खाली आणला.